‘पत्नी’ कोणाला म्हणावे? दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचे विवाह, निवासहक्क आणि १९१३ चा सर्ल निकाल

प्रास्ताविक

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाने मायदेशी येऊन लग्न करावे आणि पत्नीला घेऊन परत जावे, ही कोकण, गुजरात, माळवा व हैदराबाद येथील कितीतरी मुस्लिम कुटुंबांची परिचित कथा आहे. लग्न दोन कुटुंबे ठरवतात, काझी निकाह लावतो, साक्षीदार सह्या करतात. परंतु त्या जोडप्याला एका छताखाली राहता येईल की नाही, याचा निर्णय बंदरावरचा किंवा विमानतळावरचा अधिकारी घेतो. त्याच्या समोरचा प्रश्न वरवर साधा असतो. ही स्त्री या माणसाची पत्नी आहे काय? मात्र ‘पत्नी’ या शब्दाचा अर्थ कोणत्या कायद्याने लावायचा, हे ठरवताच प्रश्न बिकट होतो.

या प्रश्नाचा इतिहासातील एक ठळक दाखला दक्षिण आफ्रिकेत सापडतो. केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात १४ मार्च १९१३ रोजी एका मुस्लिम जोडप्याच्या प्रकरणात निकाल लागला आणि त्या एका निकालाने हजारो भारतीय विवाहांची कायदेशीर प्रतिष्ठा धोक्यात आली. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती स्त्रिया प्रथमच तुरुंगात गेल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा लढा गांधीजींच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून येतो. त्याच्या मुळाशी असलेला विवाहाचा व निवासहक्काचा प्रश्न मात्र सहसा दोन ओळींत आटोपला जातो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाची पार्श्वभूमी, निकालामागील युक्तिवाद, १९१४ ची तडजोड, तिच्या मर्यादा आणि त्याच देशात २००० साली लागलेला निकाल यांचा क्रमाने आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : गिरमिटिये आणि ‘पॅसेंजर’ भारतीय

नाताळ वसाहतीतील उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजुरांची पहिली बोट नोव्हेंबर १८६० मध्ये डर्बनला लागली. हे मजूर करारबद्ध, म्हणजेच गिरमिटिये होते. त्यांच्या मागोमाग १८७० च्या दशकापासून स्वखर्चाने तिकीट काढून येणारे व्यापारी, फेरीवाले, कारागीर व नोकरदार येऊ लागले. त्यांना ‘पॅसेंजर’ भारतीय असे नाव पडले. यांत गुजरातमधील मुस्लिम व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. १९१० मध्ये चार वसाहती एकत्र येऊन दक्षिण आफ्रिकेचा संघ स्थापन झाला, तेव्हा तेथील भारतीयांची संख्या सुमारे दीड लाख होती. त्यांतील बहुसंख्य नाताळमध्ये होते. केप प्रांतात ते काही हजारच होते.

केपमधील या छोट्या समाजाचा आपल्या भागाशी निकटचा संबंध आहे. रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील खाडीकाठच्या गावांतून कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने केप टाउन येथे गेले. त्यांच्यापैकी थोडे दुकानदार झाले. पुष्कळांनी फळे-भाजीची फेरी, बंदरावरची मजुरी किंवा दुकानातील नोकरी पत्करली. केप टाउनच्या भारतीयांवर सविस्तर संशोधन करणाऱ्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या कष्टकरी ‘पॅसेंजर’ भारतीयांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पॅसेंजर म्हणजे श्रीमंत व्यापारी, हे समीकरण त्यामुळे मोडले.

या माणसांचे जीवन दोन किनाऱ्यांवर विभागलेले होते. मिळकत केप टाउनला आणि घर कोकणात. केपच्या १९०२ व १९०६ च्या स्थलांतर कायद्यांनी नव्या येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. त्यामुळे नव्याने येणाऱ्या भारतीयांचा मार्ग जवळजवळ बंद झाला. जे आधीच स्थायिक होते त्यांना गावी जाऊन परत यायचे असेल तर परवाना घ्यावा लागे. परवान्यावर छायाचित्र व बोटांचे ठसे असत आणि ठरावीक मुदतीत परत यावे लागे. आजारपण, कर्ज, भावंडांचे लग्न, चुकलेली बोट अशा कोणत्याही कारणाने मुदत टळली तर वर्षानुवर्षांचा निवासहक्क हातचा जाई.

या कायद्यांत एक सवलत होती. स्थायिक माणसाची पत्नी व अल्पवयीन मुले यांना भाषेची परीक्षा लागू नव्हती. भारतीय समाजाच्या दृष्टीने हाच एक उघडा दरवाजा होता. एका पतीची एक पत्नी आली तर तिला प्रवेश द्यावा, असा प्रत्यक्ष व्यवहारही होता. परंतु ही सवलत ‘पत्नी’ या एका शब्दावर टांगलेली होती आणि त्या शब्दाची व्याख्या कायद्यात नव्हती.

सर्ल निकाल

पोर्ट एलिझाबेथ येथे स्थायिक असलेल्या हसन इसप याने भारतात येऊन बाई मरियम हिच्याशी मुस्लिम पद्धतीने निकाह केला. पुढे तो तिला घेऊन दक्षिण आफ्रिकेत आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तिला उतरण्यास मनाई केली. हसनची दुसरी पत्नी नव्हती. निकाह झाल्याबद्दलही वाद नव्हता. प्रकरण केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांच्यासमोर गेले. त्यांचा निर्णय बाई मरियमच्या विरुद्ध लागला. कायद्यातील ‘पत्नी’ म्हणजे दक्षिण आफ्रिकेची न्यायालये ज्या विवाहाला मान्यता देतात त्या विवाहाची पत्नी. जो विवाह बहुपत्नीकत्वाला परवानगी देणाऱ्या धर्माच्या रीतीने लागला, तो या अर्थाने विवाह नव्हे, असे न्यायालयाने धरले.

हा विचार आकाशातून पडलेला नव्हता. इंग्लंडमध्ये १८६६ साली हाइड विरुद्ध हाइड या खटल्यात विवाहाची व्याख्या ‘एक पुरुष व एक स्त्री यांचे, इतर सर्वांना वगळून केलेले आजन्म ऐच्छिक ऐक्य’ अशा आशयाने झाली होती. तो खटला मुस्लिम किंवा हिंदू विवाहाचा नव्हता, अमेरिकेतील मॉर्मन पंथीय विवाहाचा होता. पण साम्राज्यभर त्याचा उपयोग ख्रिस्तीतर विवाह मोजण्याची फूटपट्टी म्हणून होऊ लागला. खुद्द केपमध्ये १८६० साली ब्रॉन खटल्यात तेथील मुस्लिम समाजाच्या धार्मिक विवाहाला मान्यता नाकारली गेली होती. ट्रान्सवालमध्ये १९०५ साली असाच निर्णय झाला आणि १९११ साली तेथील एका प्रकरणात दुसऱ्या पत्नीला प्रवेश नाकारण्यात आला.

मग सर्ल निकालात नवे ते काय होते? आधीचा वाद बहुधा वारसा, मालमत्ता किंवा दुसऱ्या पत्नीच्या प्रवेशापुरता होता. आता एकुलत्या एका पत्नीचाही प्रवेश नाकारला गेला. पुरुषाने प्रत्यक्षात एकच लग्न केले आहे की दोन, हा मुद्दाच गैरलागू ठरला. त्याचा धर्म दुसऱ्या लग्नाची मुभा देतो, एवढे कारण पुरेसे झाले. त्या काळी हिंदू विवाहालाही हीच कसोटी लागू होत होती. त्यामुळे निकाल एका मुस्लिम स्त्रीविषयी असला तरी हिंदू आणि पारशी समाजांनाही तो आपल्याविरुद्ध वाटला. जिला पत्नी म्हणून नांदवले ती कायद्याच्या नजरेत केवळ सोबत राहणारी स्त्री ठरली. तिची मुले अनौरस ठरण्याची आणि वारसाहक्काचे प्रश्न नव्याने उभे राहण्याची भीती निर्माण झाली.

एका शब्दाचा फेर

निकालानंतर भारतीय संघटनांनी सरकारकडे कायदा दुरुस्त करण्याची मागणी केली. ट्रान्सवालमधील भारतीय स्त्रियांच्या संघटनेने मे १९१३ मध्ये सरकारला कळवले की, विवाहांना मान्यता मिळाली नाही तर स्त्रियाही प्रतिकारात उतरतील. संघटनेची मानद सचिव सोन्या श्लेसिन ही गांधीजींच्या कार्यालयातील तरुण ज्यू सहकारी होती.

त्याच सुमारास संसदेत स्थलांतर नियमनाचा नवा कायदा येत होता. केप टाउनचे सभासद मॉरिस अलेक्झांडर यांच्या प्रयत्नाने त्यात एक दुरुस्ती झाली. संघाबाहेर कोणत्याही धर्माच्या रीतीने झालेल्या ‘कायदेशीर व एकपत्नीक’ विवाहातील पत्नीला प्रवेश मिळावा, अशी ती तरतूद होती. वाचताना वाटते की प्रश्न सुटला. पण अडचण ‘एकपत्नीक’ या शब्दात होती. एकपत्नीक कोण, प्रत्यक्षात एकच पत्नी असलेला पुरुष की ज्याच्या धर्मात दुसरी पत्नी करताच येत नाही असा पुरुष? सर्ल निकालाच्या तर्काने दुसरा अर्थ निघत होता. तसा अर्थ घेतला तर एकाही मुस्लिम किंवा हिंदू विवाहाला दुरुस्तीचा लाभ मिळणार नव्हता. सवलत कागदावर आली आणि निरुपयोगी राहिली.

येथे भारतीय पक्षाची मागणी नेमकी समजून घेणे आवश्यक आहे. बहुपत्नीकत्वाला कायदेशीर मान्यता द्या, असे तिचे स्वरूप नव्हते. प्रत्यक्षात एकच पत्नी असेल तर धर्माने काय मुभा दिली आहे याची चौकशी न करता ती पत्नी मानावी, एवढीच मागणी होती. जे थोडे पुरुष आधीच एकाहून अधिक पत्नींसह स्थायिक होते, त्यांच्या बाबतीत प्रशासनाने उदारपणे वागावे, अशी जोड तिला होती. मागणी माफक होती, आणि म्हणूनच ती नाकारणे सरकारला पुढे अवघड गेले.

गोखले यांची भेट आणि मराठी भाषण

या घडामोडींच्या काही महिने आधी, ऑक्टोबर व नोव्हेंबर १९१२ मध्ये, नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले होते. करार संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा वार्षिक कर रद्द होईल, असे आश्वासन सरकारने आपल्याला दिले, अशी त्यांची समजूत झाली होती. पुढे ते पाळले गेले नाही आणि विवाहाच्या प्रश्नाबरोबर हा करही लढ्याचे मुख्य कारण बनला.

या दौऱ्यातील एक प्रसंग गांधीजींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात नोंदवला आहे. ट्रान्सवालमधील कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू यांची इच्छा होती की गोखल्यांनी त्यांच्यासमोर मराठीत बोलावे. गांधीजींनी ती पोचवली. गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी हिंदुस्थानीत अनुवाद केला. दौऱ्यातील पुढील भाषणांतही शक्य तेथे हाच प्रघात राहिला. आफ्रिकेच्या भूमीवर मराठी ऐकण्याचा आग्रह धरणाऱ्यांत कोकणी मुसलमान पुढे होते, ही नोंद सीमाभागातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठीभाषक मुस्लिमांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. वर्गात हा प्रसंग सांगितला तर भाषा आणि धर्म यांच्या नात्याविषयी पुष्कळ काही न बोलता समजते.

स्त्रियांचा लढा

१५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून १६ जणांची पहिली तुकडी निघाली. तीत चार स्त्रिया होत्या : कस्तुरबा, जयकुंवर डॉक्टर, काशीबेन आणि संतोकबेन. परवान्याशिवाय नाताळमधून ट्रान्सवालमध्ये जाणे हा गुन्हा त्यांनी जाणूनबुजून केला. २३ सप्टेंबरला त्यांना तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. ट्रान्सवालमधील ११ स्त्रिया, ज्यांतील बहुतेक तमिळ होत्या, उलट दिशेने नाताळमध्ये शिरल्या आणि न्यूकॅसलच्या खाणकामगारांत गेल्या. ऑक्टोबरच्या मध्याला तेथे संप सुरू झाला.

मुस्लिम स्त्रियांचा सहभाग या इतिहासात क्वचितच सांगितला जातो. ऑक्टोबर १९१३ मध्ये डर्बनच्या फातिमा मेहताब आपल्या वृद्ध आई हनीफाबाई आणि लहान मुलासह फोक्सरस्टला गेल्या. हद्द ओलांडून त्यांनी अटक करून घेतली. आई व मुलगी दोघींना तीन महिन्यांची शिक्षा झाली. फातिमाबाईंनी बोटांचे ठसे देण्यास नकार दिला, अशी आठवण गांधीजींनी लिहून ठेवली आहे. ज्या ठशांनी भारतीयांच्या ये-जा करण्यावर नियंत्रण ठेवले जाई, त्यांनाच हा नकार होता. पडदा पाळणाऱ्या घरातील स्त्रीने विवाहाच्या प्रतिष्ठेसाठी तुरुंग पत्करला, ही घटना त्या काळाच्या मानाने असाधारण होती.

६ नोव्हेंबर १९१३ रोजी चार्ल्सटाउनहून निघालेल्या मोर्चात २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती. हे बहुतांशी मजूर होते. त्यांना रस्त्यावर आणणारे मुख्य कारण तीन पौंडांचा कर हे होते, विवाहाचा प्रश्न नव्हे. नाताळमधील गिरमिटियांच्या विवाहांची नोंद १८९१ च्या वेगळ्या कायद्याखाली होत असे. त्यामुळे सर्ल निकालाचा प्रत्यक्ष फटका त्यांच्यापेक्षा ‘पॅसेंजर’ कुटुंबांना अधिक बसला. दोन वर्गांच्या दोन तक्रारी एका लढ्यात एकत्र आल्या, हे यशाचे एक कारण होते. ती एकजूट निर्दोष मात्र नव्हती. अनेक मोठ्या व्यापाऱ्यांनी या लढ्यापासून अंतर राखले, हेही नोंदवले पाहिजे.

तुरुंगवासाची किंमत काहींनी जिवाने मोजली. तुरुंगातून तापाने खंगून बाहेर आलेली सोळा वर्षांची वलियम्मा २२ फेब्रुवारी १९१४ रोजी मरण पावली. ती अविवाहित होती. ज्या हक्कासाठी ती लढली तो तिच्या वाट्याला यायचा राहिला.

१९१४ ची तडजोड

भारतात संतापाची लाट उसळली. गोखल्यांनी प्रकृती ढासळलेली असताना निधी उभारला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी नोव्हेंबर १९१३ मध्ये मद्रास येथे भारतीयांच्या बाजूने जाहीर भाषण केले. दक्षिण आफ्रिका सरकारने न्यायमूर्ती विल्यम सॉलोमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर बेंजामिन रॉबर्टसन गेले. ते त्या वेळी मध्य प्रांताचे, म्हणजे नागपूरच्या सरकारचे, मुख्य आयुक्त होते. आयोगात भारतीयांच्या विश्वासातील कोणी नसल्याने गांधीजींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बहिष्कार घातला. तरीही आयोगाच्या शिफारशी विवाह व कर या दोन्ही बाबतींत त्यांच्या मागण्यांच्या जवळ आल्या.

त्यातून १९१४ चा भारतीय दिलासा कायदा झाला. त्याने तीन पौंडांचा कर रद्द केला. विवाहाबाबत त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, भारतीय धर्मांच्या पुरोहितांना व इमामांना विवाह अधिकारी म्हणून नेमण्याची सोय झाली. दुसरी, प्रत्यक्षात एकपत्नीक असलेल्या जुन्या विवाहांची नोंदणी करून त्यांना कायदेशीर करण्याचा मार्ग खुला झाला. तिसरी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची म्हणजे, स्थलांतर कायद्यातील ‘पत्नी’ या शब्दाचा अर्थ बदलला. भारतीय धर्माच्या नियमांनी ज्या संबंधाला विवाह मानले जाते, त्यातील एक स्त्री पत्नी समजली जाईल. तो धर्म बहुपत्नीकत्वाला मुभा देतो, या कारणाने तिला नाकारता येणार नाही. मात्र त्या पुरुषाची दुसरी पत्नी दक्षिण आफ्रिकेत नसावी. सर्ल निकालाचा आधारच अशा रीतीने काढून घेण्यात आला.

ही तडजोड सर्वांना समाधानकारक वाटली नाही. शरीयतने मान्य केलेला विवाह कायद्याने निम्माच मान्य केला, अशी तक्रार नाताळ व ट्रान्सवालमधील काही मुस्लिम पुढाऱ्यांनी केली. या तक्रारीत तथ्य होते. प्रवेशासाठी मान्यता मिळाली, पण मुस्लिम विवाहाला इतर विवाहांच्या बरोबरीचे स्थान मिळाले नाही. दुसरीकडे, बंदरावर अडकलेल्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर तिला बोटीवरून उतरता येणे, हाच तातडीचा प्रश्न होता. तत्त्व आणि निकड यांत निवड करावी लागली आणि तेव्हाच्या नेतृत्वाने निकडीला प्राधान्य दिले.

कायद्यानंतरचे वास्तव

कायदा झाला म्हणून कुटुंबे एकत्र आली, असे झाले नाही. धुपेलिया-मेस्त्री यांनी केप टाउनमधील पती आणि भारतातील पत्नी यांच्या दुभंगलेल्या घरांचा अभ्यास केला आहे. बहुसंख्य स्त्रिया गावीच राहिल्या. फेरीवाल्याच्या मिळकतीत बोटीचे भाडे आणि केप टाउनमधले बिऱ्हाड परवडणारे नव्हते. गावची जमीन, सासू-सासरे, मुलांचे शिक्षण यांची जबाबदारीही होती. पुरुष काही वर्षांनी परवाना घेऊन येत, राहत आणि परत जात. काहींनी केपमध्येच स्थानिक मुस्लिम स्त्रीशी दुसरे लग्न केले. अशा पुरुषाच्या कोकणातील पत्नीला १९१४ च्या कायद्यातील एका पत्नीच्या अटीमुळे प्रवेशाची आशाच उरली नाही.

जिला जायचे होते तिच्यापुढे पुराव्याचा प्रश्न होता. मुंबई इलाख्यात १८८० च्या काझी कायद्याखाली काझी नेमता येत असे, परंतु निकाहाला त्याची उपस्थिती बंधनकारक नव्हती. निकाहाची सरकारी नोंद ठेवण्याचीही सक्ती नव्हती. निकाह धर्माच्या दृष्टीने पूर्ण असे, पण समुद्रापलीकडच्या अधिकाऱ्याला दाखवण्याजोगा कागद हाती नसे. पुढील काळात भारतातील दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होऊन पत्नी व मुलांची ओळख पटवणारा दाखला मिळवावा लागे. पत्नी खरी आहे काय, मूल तिचेच आहे काय, मुलाचे वय किती, असे प्रश्न विचारले जात. जन्मनोंदी अपुऱ्या असलेल्या गावांत त्यांची उत्तरे देणे सोपे नव्हते.

पुढील कायद्यांनी दरवाजा आणखी अरुंद केला. १९२७ च्या केप टाउन करारानंतर झालेल्या कायद्याने अल्पवयीन मुलाने आईबरोबरच यावे अशी अट घातली. त्यामागील उद्देश असा की, केवळ मुलग्यांना कामासाठी आणण्याची रीत बंद व्हावी. त्याच कायद्याने सलग तीन वर्षे बाहेर राहिल्यास निवासहक्क गमावण्याची तरतूद केली. वर्णभेदाचे धोरण अधिकृत झाल्यावर १९५३ च्या दुरुस्ती कायद्याने भारतातून पत्नी आणण्याची सवलतच संपुष्टात आणली. चाळीस वर्षांपूर्वी तुरुंगवास भोगून मिळवलेला हक्क एका दुरुस्तीने गेला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील भारतीय तरुणांना जोडीदार त्याच देशात शोधणे भाग पडले आणि कोकणाशी असलेले सोयरिकीचे नाते हळूहळू तुटत गेले.

२००० सालचा निकाल

वर्णभेद संपल्यावर १९९६ ची राज्यघटना आली. तिच्यात कौटुंबिक जीवनाचा हक्क असे स्वतंत्र कलम नाही. तरीही परकीय जोडीदाराच्या निवासाचा प्रश्न त्याच केप टाउनमधून पुन्हा न्यायालयात गेला. दाऊद विरुद्ध गृहमंत्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात, १९९१ च्या परकीय नियंत्रण कायद्याच्या एका तरतुदीला आव्हान दिले होते. दक्षिण आफ्रिकी नागरिकाच्या परकीय पती किंवा पत्नीने कायम निवासासाठी अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत देशात राहण्यासाठी तिच्याकडे चालू तात्पुरता परवाना असणे आवश्यक होते. तो परवाना द्यायचा की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. ती मर्जी कशी वापरावी, याचे कोणतेही निकष कायद्यात नव्हते.

घटना न्यायालयाने ७ जून २००० रोजी निर्णय दिला. न्यायमूर्ती केट ओरिगन यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा : विवाह करणे आणि पती-पत्नीने एकत्र राहणे हा मानवी प्रतिष्ठेचा भाग आहे. जोडीदारासोबत देश सोडा किंवा जोडीदारापासून दूर राहा, अशी निवड करायला लावणारा कायदा त्या प्रतिष्ठेवर आघात करतो. निकषांशिवाय अधिकाऱ्याला असा अधिकार देणे घटनाबाह्य आहे. संसदेला कायदा सुधारण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली आणि २००२ मध्ये नवा स्थलांतर कायदा झाला. परकीय जोडीदारांना देश न सोडता परवान्याचा प्रकार बदलता यावा, हा मुद्दा पुढे २०१९ मध्ये याच न्यायालयाने जोडीदारांच्या बाजूने सोडवला.

सर्ल निकालाने मागे ठेवलेला दुसरा धागा, म्हणजे मुस्लिम विवाहाचे कायद्यातील स्थान, त्याहून सावकाश सुटत गेला. १९८३ पर्यंत सर्वोच्च पातळीवरील न्यायालय मुस्लिम विवाहाला सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवत होते. नव्या राज्यघटनेनंतर २००४ मध्ये मुस्लिम विधवेचा आणि २००९ मध्ये बहुपत्नीक विवाहातील विधवांचा वारसाहक्क मान्य झाला. २०१४ मध्ये शंभराहून अधिक इमामांना विवाह अधिकारी म्हणून नेमण्यात आले. २८ जून २०२२ रोजी घटना न्यायालयाने, मुस्लिम विवाहांना व त्यांच्या विच्छेदाला कायद्यात स्थान न देणे घटनाबाह्य आहे, असे घोषित केले. त्यानुसार २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. बाई मरियमच्या प्रकरणापासून येथपर्यंत यायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निवासहक्काचा कायदा वरवर परकीयांविषयी असतो, पण त्याचा भार आधीपासून स्थायिक असलेल्या नागरिकावर व त्याच्या घरावर पडतो. बाई मरियमला परत पाठवणे म्हणजे हसन इसपलाही अर्धे परत पाठवणे होते. दुसरी, कायद्यातील एखादा शब्द कोणत्या अर्थाने वाचायचा, यावर हजारो माणसांचे जीवन अवलंबून राहू शकते. ‘एकपत्नीक’ या शब्दाचा फेर हे इतिहास व राज्यशास्त्र दोन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयोगी पडणारे उदाहरण आहे. तिसरी, न्यायालयाने नाकारलेला हक्क लोकचळवळीने मिळवता येतो. मात्र १९५३ चा अनुभव सांगतो की कायद्याने दिलेले कायद्याने काढूनही घेता येते. २००० साली हक्क टिकला, कारण तो सवलत म्हणून न येता राज्यघटनेतील प्रतिष्ठेच्या मूल्यावर उभा राहिला.

आपल्या समाजाला यातून एक व्यावहारिक बोधही मिळतो. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परकीय व्यक्तीला सात वर्षांच्या निवासानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओळखपत्र जोडीदाराला मिळण्यासाठी २०१५ च्या दुरुस्तीनुसार विवाह नोंदलेला व किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. गोव्यात विवाहाची नागरी नोंद दीर्घकाळापासून आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाने ती सर्वधर्मीयांना लागू केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व राज्यांना नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. तरीही निकाहनामा घरच्या पेटीत आहे म्हणून नोंदणीची गरज नाही, असे मानणारी कुटुंबे आजही आढळतात. आखात, युरोप किंवा अमेरिकेत नोकरीस गेलेल्या मुलाच्या पत्नीचा व्हिसा अडला की मग धावपळ सुरू होते. महाविद्यालयीन विद्यार्थिनींपर्यंत ही माहिती वेळेवर पोचवण्याचे काम अध्यापकच करू शकतात. निकाहाला धर्माची मान्यता पुरेशी आहे. बंदरावर मात्र कागद विचारला जातो, हे १९१३ साली एका स्त्रीला बोटीवर उभे राहून शिकावे लागले.